नानासाहेबांच्या खिशातली कात्री

१६ जून २०१४, सोमवार, सकाळी साडेअकरा. रक्कम रुपये दोन लाख एक. स्थळ, इंदापुरातल्या एसटी स्टँडजवळचं वाचनालय, अध्यक्षांची खोली. हजर: अध्यक्ष नानासाहेब वाबळे, माझी आत्या हिराबाई, मी, शिपाई दिगंबर आणि एक फोटोग्राफर. पावती: नाही.

पावती नाही हा दोष माझा. मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. चहाच्या बिलाचीही पावती मागतो, घरी दुधाची वही स्वतः लिहितो, बायको त्यावरून हसते. पण आत्याच्या जन्मभराच्या बचतीतला चेक समोरच्या टेबलावर ठेवला जात असताना मी गप्प बसलो. खरं तर मागायला तोंड उघडलं होतं. नानांनी ते उघडलेलं पाहिलं आणि म्हणाले, "सुरेशराव, ताईंचं नाव मी दगडावर कोरणार आहे. कागदाची पावती फाटते, उंदीर खातात. दगडाचं तसं नाही." एवढ्या मोठ्या माणसापुढे पुन्हा कसं मागायचं? आमच्याकडे हे असंच होतं. मान द्यायचा म्हणून पावती घेत नाहीत आणि मग आयुष्यभर मान देत राहावं लागतं.

चेक दोन लाखांचाच होता. नानांनी तो उजेडात धरला, शून्यं पाहिली आणि खाली ठेवला. "हिराताई, शून्यावर संपलेला आकडा फलकावर शोभत नाही. वर एक रुपया टाका." आत्यानं कनवटीची पिशवी सोडून एक रुपयाचं नाणं काढलं. नानांनी ते जाकिटाच्या उजव्या खिशात टाकलं. दोन लाखांची नोंद बँकेत आहे. त्या रुपयाची कुठेच नाही. पुढे मी संस्थेची पुस्तकं पाहिली, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी नाना गेले. संस्थेनं स्मृतिग्रंथ काढला. पानं दोनशे चाळीस, नानांचे फोटो एकशे बारा, मी मोजले. त्यासाठी माझ्याकडे 'आठवणीतले नाना' असा लेख मागितला होता. मी दिला नाही. दिला असता तर हा दिला असता, आणि हा त्यांनी छापला नसता.

नाना चार संस्थांचे अध्यक्ष होते. इंदापूरचं हे वाचनालय, बारामतीत व्याख्यानमाला भरवणारं एक सांस्कृतिक मंडळ, दोन शाळा चालवणारी एक शिक्षण संस्था आणि एक संगीत विद्यालय, ज्यातून मी कधी सूर ऐकला नाही. संस्थांची नावं लिहीत नाही, कारण लिहिली तर चारदा नानांच्या वडिलांचंच नाव लिहावं लागेल. घरचा ऊस होता, तो धाकटा भाऊ बघायचा. नाना समाज बघायचे. राहायला बारामतीत, आणि सकाळी नऊला गाडी बाहेर पडली की ती कुठल्या तरी मांडवाच्या दारातच थांबायची.

पांढरा सदरा, पांढरी पँट, वर पिवळसर जाकीट. जाकिटाच्या डाव्या खिशात भाषणाचा कागद, उजव्या खिशात कात्री. या कात्रीची हकिगत ते स्वतःच सांगत. फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या नव्या वर्गखोल्यांच्या उद्घाटनाला कात्री आणायची राहिली. पाहुण्यांनी फीत हातानं ओढली. फीत तुटेना, मांडवाचा खांब मात्र कलला आणि झालर पाहुण्यांच्या डोक्यावर आली. त्या दिवसापासून नानांनी बारामतीच्या बाजारातून घेतलेली छोटी स्टीलची कात्री, चामडी म्यानासकट, खिशात ठेवायला सुरुवात केली. गाडीच्या डिकीत लाल फितीचं रीळ असायचंच. "कार्यकर्त्यानं तयारीत असावं," असं ते म्हणत. ही तयारी एवढी पक्की होती की फीत लावण्याजोगं काही समोर नसलं की नाना बेचैन व्हायचे. मी त्यांना पाणपोईची फीत कापताना पाहिलंय, सायकल स्टँडची पाहिलंय. एका शाळेत थंड पाण्याच्या यंत्राची कापताना पाहिलंय. त्या यंत्राला नळ जोडायचा राहिला होता. तो नंतरही राहिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हेही लिहून ठेवतो.

आता आत्याचं सांगतो. ती सुप्याला राहते. आरोग्य खात्यात नर्स होती, त्या बाजूच्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. इंदापुरात शिकत होती तेव्हा शाळा सुटल्यावर गावाची एसटी यायला अडीच तास असायचे. तिच्यासकट गावच्या पाच मुली स्टँडवर बसून राहायच्या. कोणी खडे मारायचं, कोणी गाणी म्हणायचं. दोन वर्षांत तिघींच्या घरच्यांनी शाळा बंद केली. राहिलेल्या दोघींतली एक आत्या. नोकरी संपल्यावर हातात आलेल्या पैशांतून तिनं दोन लाख बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, "सुऱ्या, स्टँडाजवळ पोरींना बसाया खोली पायजे. दार, टेबल, दिवा, पानी. बाकी काय नगं." स्टँडजवळ वाचनालय होतं, त्यामागे वीस बाय तीसची पडकी गोदामाची खोली होती, तिचं एक दार सरळ रस्त्यावर उघडत होतं आणि वाचनालयाचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे होते. म्हणून मी आत्याला नानांकडे नेलं. माझी चूक इथून सुरू होते.

खोली झाली. झाली नाही असं मी म्हणणार नाही. फरशी, दोन खिडक्या, सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, रंग: एक लाख एकतीस हजार. उरलेले एकोणसत्तर हजार उद्घाटनाला लागले. मांडव, हार, फेटे, जेवण, पाहुण्यांची गाडी आणि संगमरवरी दगड. दगडावर आत्याचं नाव होतं, चौथ्या ओळीत. पहिल्या तीन ओळींत पाहुणे, प्रमुख पाहुणे आणि नाना. सव्वीस जानेवारीला फीत कापली. आत्या पुढच्या रांगेत बसली होती. तिला शाल मिळाली. नाना बोलले, "मी एक साधा कार्यकर्ता. या अभ्यासिकेतून उद्या तहसीलदार बाहेर पडतील, फौजदार बाहेर पडतील." संध्याकाळी पाहुणे बाहेर पडले, मांडववाले बाहेर पडले आणि दिगंबरनं नानांच्या समोर दाराला कुलूप लावून किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्याच वर्षी मला वाचनालयाचा सहचिटणीस केलं. नाना म्हणाले, "सुरेशराव, तुमचा हिशेब स्वच्छ. आपल्याला अशी माणसं हवीत." मी खूश झालो. दुसऱ्याच आठवड्यात मी किल्ली मागितली.

"नाना, अभ्यासिकेची किल्ली दिगंबरकडे ठेवायची का? पोरी विचारतायत."

"सुरेशराव, वास्तू नवी आहे."

"म्हणूनच विचारलं."

"म्हणूनच नको म्हणतो. पोरी बसल्या की टेबलांवर नावं कोरणार, डबे उघडणार, भिंतीला डोक्याचं तेल लागणार. उद्या पुण्याचे पाहुणे आले तर त्यांना दाखवायचं काय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते. नानांच्या लेखी इमारत दाखवायची असते. वापरली की जुनी होते, जुनी झाली की दाखवता येत नाही, दाखवता आली नाही की पुढची देणगी येत नाही, आणि देणगी आली नाही तर पुढची इमारत कशी बांधायची? या गणितात कुठंही एकही मुलगी येत नव्हती, आणि तरी बेरीज बरोबर जुळत होती. इतकं बिनचूक आणि इतकं निरुपयोगी गणित मी कारखान्यातही पाहिलेलं नाही.

दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडायच्या दिवशी, आत्या सुप्याहून एसटीनं निघायची, बारामतीला गाडी बदलून इंदापूरला यायची. सोबत डबा. खोली बघायची म्हणायची. पहिल्या वर्षी नानांनी तिला कुलूप उघडून दाखवलं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. "बघा ताई, अजून कसं नवं आहे!" आणि शाल दिली. आत्यानं खुर्च्यांकडे बघितलं, शालीकडे बघितलं आणि विचारलं, "पोरी कुठं हायत्या?"

"येतील की. वास्तू झाली म्हणजे माणसं येतातच."

दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा दारावर 'संगणक कक्ष' असा फलक होता. कोणा बिल्डरनं चार संगणक दिले होते, पुन्हा मांडव पडला होता, पुन्हा फीत कापली होती. संगणकांवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. भिंतीवरच्या दगडावर बिल्डरच्या आईचं नाव होतं. आत्याचं नाव कुठंच दिसेना. मला वाटलं, तो दगड दुसरीकडे हलवला असेल. मागे गवंडी भिंतीला सिमेंट मारत होता, त्याला विचारलं.

"कुठं न्हाय हलवला, सायेब. दगड त्योच हाय. उलटा करून बशिवलाय. नानाच म्हनले, पाठ चांगली गुळगुळीत हाय, वाया का घालवायची?"

मी तसाच नानांकडे गेलो. त्यांना जरासुद्धा ओशाळं वाटलं नाही. उलट त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताईंचं नाव पुसलं का कुणी? आहे की. भिंतीच्या आतल्या बाजूनं आहे. वास्तूच्या पोटात आहे म्हणा. ऊन नाही, पाऊस नाही. बाहेर होतं त्यापेक्षा जास्त सुरक्षित. नोंद घ्या."

'नोंद घ्या' हा त्यांचा शब्द. दर चार वाक्यांनंतर यायचा. नोंद घ्यायला कोणी कागद काढला की मात्र नाना विषय बदलायचे.

दोन वर्षांनी तिसरा फलक लागला, 'संगीत वर्ग'. या वेळी नवा दगड आणावा लागला, कारण संगमरवराला दोनच बाजू असतात. चौथ्या वेळी, 'महिला शिवण केंद्र', त्या नव्या दगडाची पाठ वापरली. दोन दगड, चार नावं. शिवण केंद्राच्या दिवशी आत मी आठ शिलाई यंत्रं मोजली. संध्याकाळी पुन्हा मोजली, शून्य. ती बाजारपेठेतल्या एका दुकानातून दिवसभरासाठी आणली होती. फोटोत आठही आली आहेत. स्मृतिग्रंथात पान एकशे चौसष्टवर पाहावीत.

एक गोष्ट मात्र सरळ लिहायला हवी. नानांनी पैसे खाल्ले असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मी पुस्तकं तपासली. संस्थेच्या चहाचे पैसेही ते स्वतःच्या खिशातून देत. त्यांनी पैसा खाल्ला असता तर मला त्यांचा एवढा राग आला नसता. खाणाऱ्याला निदान काहीतरी हवं असतं, त्याच्या पोटाला माप असतं. नानांना पैसा नको होता. त्यांना कापायला फीत हवी होती. सगळा पैसा पावत्यांसकट, नियमाप्रमाणे, फितीत, फेट्यात, फ्लेक्सात आणि पेढ्यात गेला. हिशेब तपासनिसाला एका पैशाची खोट सापडली नाही.

बारामतीच्या व्याख्यानमालेतला एक प्रसंग सांगतो म्हणजे माणूस कळेल. पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक बाई बोलायला आल्या होत्या. विषय, वाचन वाढावं कसं. तीनशे खुर्च्या, भरलेल्या. नाना प्रास्ताविकाला उभे राहिले सहा वाजून दहा मिनिटांनी आणि बसले सात वाजून बावीस मिनिटांनी. बहात्तर मिनिटं. त्यात 'मी एक साधा कार्यकर्ता' चौदा वेळा. मग सत्कार झाले. बाईंच्या वाट्याला अकरा मिनिटं आली, कारण आठ वाजता जेवण होतं. बाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "वेळ नाही, म्हणून एवढंच सांगते. पुस्तक उघडावं लागतं." आणि मोजून दोन मिनिटांत खाली बसल्या. मला वाटलं, आता तरी लागेल. नाना आभाराला उठले. "बाईंनी फार मोलाचा विचार मांडला. नोंद घ्या." उरलेली नऊ मिनिटं त्यांनी स्वतः वापरली.

करोनाची दोन वर्षं सोडली तर आत्याची खेप चुकली नाही. सहा खेपा, सहा शाली, उद्घाटनाची वेगळी. त्या शाली ती सुप्याला बाळंतिणींना वाटायची. सहाव्या खेपेला परत जाताना मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. फलाटाच्या कडेला चार मुली जमिनीवर बसून जाडजूड पुस्तकं वाचत होत्या, एकीनं चपला खाली घेतल्या होत्या. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"सा पोरं गुंडाळली मी नानाच्या शालीत," ती म्हणाली. "खोलीत एक पोरगी न्हाय बसली. आता माझं वय किती, सुऱ्या?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मंग? तुला हिशेब येतो न्हवं?"

मी सहचिटणीस होतो. दर सभेच्या इतिवृत्तावर माझी सही होती, आणि प्रत्येक सभेत 'अभ्यासिका लवकरच सुरू करण्याचे ठरले' असा ठराव होता. असे एकोणीस ठराव मी स्वतःच्या हातानं लिहिले आहेत.

पुढच्या जूनला आत्या आली तेव्हा एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, काळा चष्मा होता. सोबत डबा नव्हता. मी रजा काढली होती. खोलीच्या दाराला कुलूप. दिगंबर हात जोडून उभा. "आत्याबाई, किल्ली नानांकडं आस्ती. नाना बारामतीला कार्यक्रमात हायत. म्या फोन लावतो."

"लाव की. पर आदी मला खुर्ची दे."

ती दारासमोर रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसली. मग मला म्हणाली, "स्टँडावरच्या त्या पोरींना बोलावून आन. आन येताना कुलूपवाला घिऊन ये."

"आत्या, असं परस्पर कुलूप उघडता येत नाही. सभा घ्यावी लागेल, ठराव..."

"किती केलेस?"

"एकोणीस."

"मंग ईसावा कशाला पायजे? तू हिशेबच लिहीत बस. म्या जाती कुलूपवाल्याकडं." आणि ती खरंच उठू लागली, काळा चष्मा आणि काठीसकट.

त्या वेळी मला आठवलं की वाचनालयाच्या सभासद कार्डाच्या मागे नियम छापलेले आहेत. मी खिशातून कार्ड काढलं. नियम तिसरा: सर्व दालने सभासदांना सकाळी आठ ते सायंकाळी आठ खुली राहतील. नऊ वर्षं ते कार्ड माझ्या खिशात होतं. मी आत्याला बसवलं आणि कुलूपवाल्याला आणायला गेलो. परतताना मुलींना विचारलं. चौघी आल्या, थोड्या घाबरत. त्यांतली प्रियांका नावाची लोणी देवकरच्या बाजूची होती, पोलीस भरतीची तयारी करत होती.

कुलूपवाल्यानं कुलूप हातात घेऊन बघितलं. "मालक कोन हाय?"

"म्या," आत्या म्हणाली. "दोन लाख एक रुपयाची."

"मंग तोडू का उघडू?"

"उघड. मोडलेलं काय दावायचं न्हाय मला कुनाला."

सात मिनिटं लागली. आत धूळ होती, वाळलेले हार होते, प्लॅस्टिकातले चार संगणक, संगीत वर्गाची एक पेटी आणि भिंतीला टेकवलेले गुंडाळलेले फ्लेक्स. एक्केचाळीस. प्रत्येकावर नाना, हात जोडलेले. खुर्च्या अजूनही कारखान्यातून आल्यासारख्या एकावर एक होत्या. मुलींनी टेबलं पुसली. फरशीवर धूळ फार होती, म्हणून प्रियांकानं चार फ्लेक्स उलगडले आणि पालथे अंथरले, पांढरी बाजू वर. त्यावर खुर्च्या मांडल्या. दिगंबरनं पंखा लावला, आणि पंखा चालला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "चालतो की ह्यो!" तो म्हणाला.

आत्या आत येऊन भिंतीशी बसली. चष्मा काढला. चौघी वाचायला लागल्या.

चाळीस मिनिटांनी नानांची गाडी आली. मागच्या सीटवर फोटोग्राफर होता. नाना त्याच्याशिवाय इंदापूरला येत नसत. ते दारात आले तेव्हा चेहरा लाल होता आणि शुद्ध भाषा सुटली होती. "हितं कोन बसवलं ह्यांना? कुनाच्या परवानगीनं? सुरेशराव, तुमी सुद्दा?"

मी सभासद कार्ड पुढे केलं. "नियम तिसरा, नाना. नोंद घ्या."

हे मी बोललो याचा मला आजही अभिमान आहे. माझ्या आयुष्यात अशी वाक्यं फार नाहीत.

नानांनी कार्ड घेतलं नाही. ते दाराच्या चौकटीत उभे राहून आत बघत होते. आत चार मुली, डोकी खाली. एकीनंही वर पाहिलं नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच नाना दारात आल्यावर कोणी उठून उभं राहिलं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. राग उतरला आणि त्या जागी ती जुनी बेचैनी आली. उघडं दार, भरलेली खोली, मागे फोटोग्राफर. त्यांचा उजवा हात आपोआप खिशात गेला आणि कात्री बाहेर आली. म्यान काढलं. मग त्यांनी दाराच्या डाव्या बाजूला बघितलं, उजव्या बाजूला बघितलं. फीत नव्हती.

तेवढ्यात प्रियांकानं वर पाहिलं. ती वर्तमानपत्रातली चालू घडामोडींची कात्रणं वहीत चिकटवत होती आणि कागद बोटांनी फाडत होती.

"काका, कात्री हाय व्हय? द्या की जरा."

तिच्या खुर्चीखाली नानांचे चार फोटो होते, पालथे, पण तिनं नानांना ओळखलं नव्हतं. नाना दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी कात्री दिली. दुसरं काय करणार? फोटोग्राफरनं सवयीनं फोटो काढला. तिनं बातमी कापली. मग शेजारच्या मुलीनं मागितली, तिनं तिला दिली. कात्री टेबलावरून टेबलावर गेली. नाना हात थोडा पुढे करून उभे होते, परत मिळेल म्हणून. "चालू द्या, चालू द्या," ते एकदा म्हणाले, जसे प्रत्येक कार्यक्रमात म्हणायचे. कोणी काही थांबवलंच नव्हतं.

मग ते आत्याकडे वळले. "ताई, शाल आणायची राहिली."

"ऱ्हाऊ द्या, नाना," आत्या म्हणाली. "लई मिळाल्या."

नाना गाडीकडे गेले. मी त्यांना जवळून पाहिलं ते तेव्हा शेवटचं. गाडीत बसण्याआधी ते थांबले, जाकिटाचा उजवा खिसा चाचपला, एकदा मागे वळून खोलीकडे बघितलं आणि बसले. कात्री अजून तिथंच आहे, दुसऱ्या टेबलाच्या खणात.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो होता: 'नानासाहेब वाबळे यांच्या हस्ते अभ्यासिका विद्यार्थिनींसाठी खुली, साहित्याचे वाटप.' खोलीचं पाचवं उद्घाटन. चिडावं असं बायको म्हणाली. मी चिडलो नाही. पेपरात छापून आलेली गोष्ट नाना कधी मागे घेत नसत. स्वतःच्या हस्ते उघडलं असं छापून आलेलं दार आता त्यांना लावता येणार नव्हतं. तसंच झालं. खोलीला आज फक्त कडी आहे. सध्या रोज सतरा-अठरा मुली बसतात. टेबलांवर नावं कोरलेली आहेत, डबे उघडतात, भिंतीला डोक्याचं तेल लागलं आहे. आत्याच्या नावाचा दगड मी उलटवला नाही. आत्याच म्हणाली, नको.

त्या दिवशी मुली वाचत असतानाच मी कुलूपवाल्याला पैसे द्यायला पाकीट काढलं होतं. त्यानं तीनशे सांगितले होते. आत्यानं माझा हात बाजूला केला आणि कनवटीची पिशवी सोडली. शंभराच्या तीन नोटा दिल्या, आणि वर एक रुपयाचं नाणं.

"ह्यो कशाला, आजी?"

"शून्यावर संपलेला आकडा शोभत न्हाय म्हनं."

१५ जून २०२३, गुरुवार. रुपये तीनशे एक फक्त. देणार हिराबाई, घेणार कुलूपवाला. पावती घेतली, आणि त्या रुपयाची नोंद केली.